तबकडी न पाहिलेला जॉकी

डीजे म्हणजे काय, असं मी आजपर्यंत दहा-बारा डीज्यांना तोंडावर विचारलंय. एकालाही सांगता आलेलं नाही. कुणी म्हणालं, डीजे म्हणजे डीजे. कुणी म्हणालं, मोठा आवाज. एकानं तर नुसतं छातीकडं बोट केलं. तिथं बनियनवर ती दोन अक्षरं चमचम करत होती. दारावर येणारा कल्हईवाला सांगतो की कल्हई म्हणजे काय आणि ती कशासाठी करायची. ह्यांना स्वतःच्या धंद्याचं नाव फोडून सांगता येत नाही, आणि गल्लीच्या खिडक्या फोडायला निघालेत.

आता तुम्ही म्हणाल, ह्या बाईला काय करायचंय? सातवीपर्यंत शिकलेली बाई, डीजेच्या नावाची उठाठेव कशाला? तर सांगते. ज्या कामाचं नाव त्यांनी छातीवर लावलंय, ते काम मी वीस वर्षं केलंय. तेव्हा त्याला नाव नव्हतं, एवढंच.

आमच्या ह्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. दोन कर्णे, एक मशीन, तारांचं भेंडोळं आणि तबकड्यांची एक पत्र्याची पेटी. नव्वद साल उलटून गेलं, सगळी दुनिया कॅसेटवर गेली, तरी लग्नाला आमच्याकडं तबकडीच लागायची. ह्यांचं म्हणणं असं की कॅसेट कुठं थांबेल ते तिचं तिला कळत नाही. तबकडीवर सुई आपल्या हातात असते. हे बाहेर मशीनपाशी बसायचे आणि मी आत, बायकांत. कारण हळद कालवून झाली का, नवरी आवरून बसली का, हे बाहेर बसलेल्या पुरुषाला कसं कळणार? मी दारात येऊन हात वर केला की हे सुई टेकवायचे. खाली केला की उचलायचे. इतकी साधी गोष्ट. पण त्या हातावर अख्खं लग्न चालायचं.

आणि लग्नच नाही, गल्लीसुद्धा. आमचा क्रम ठरलेला. पहाटेला गणपतीची तबकडी. मग हळदीची. पाव्हणे आले की तिसरी, आणि अक्षतांच्या आधी चौथी. घरोघरच्या बायका कर्ण्यावर कान ठेवून असायच्या. दुसरी लागली की पोळपाट धुऊन ठेवायचा, तिसरीला लुगडं बदलायचं, चौथीला चपला घालायच्या. घड्याळ कोण बघतंय? मुहूर्त भटजीच्या पंचांगात असेल, पण निघायचं कधी ते आमच्या पेटीत होतं. आणि शेवटची तबकडी पाठवणीची. ती लागली की बायकांनी उठायचं, नवरीला मधी घ्यायचं आणि रडायला सुरुवात करायची.

हसू नका. एकदा ह्याच तबकडीनं माझी अब्रू घालवली होती. त्या लग्नात पंगत बसलेली, आणि पेटीतली वेष्टनं सगळी सारखीच मळलेली. मी गडबडीत पंगतीची म्हणून पाठवणीची काढून दिली. झालं. हातात बुंदीचा लाडू घेतलेल्या बायका हुंदके द्यायला लागल्या. नवरीची आई चुलवणापासून डाव घेऊन पळत आली आणि लेकीच्या गळ्यात पडली. लेक बिचारी अजून जेवलीसुद्धा नव्हती, तीही रडायला लागली. नवऱ्याकडची माणसं निघायची वेळ झाली समजून पानावरनं उठली. आचारी मला काय काय म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी त्या तबकडीच्या वेष्टनाला लाल दोरा बांधला.

पाठवणीच्या तबकडीचा एक नियम मात्र ह्यांचा स्वतःचा. नवरीचा पाय उंबऱ्यावर पडला की सुई उचलायची. गाणं कुठंही असू दे, शब्द अर्धा तुटू दे, उचलायची म्हणजे उचलायची. लग्न झाल्यावर पहिल्या-पहिल्यांदा मी विचारलं होतं, गाणं पुरं का होऊ देत नाही? तेव्हा ते म्हणाले, "त्या वक्ताला आई काय बोलती ते पोरीला ऐकू गेलं पायजे. आपलं गाणं मधी कशाला?"

एवढं एक वाक्य. पण मी किती लग्नांत बघितलं, कर्णा एकदम गप्प व्हायचा आणि उंबऱ्यावरचं सगळं बोलणं गल्लीला ऐकू यायचं. कुणाची आई "जपून ऱ्हा" म्हणायची, कुणाची नुसतंच लेकीचं नाव घ्यायची. आमची लेक पाळण्यात होती तेव्हापासनं हे म्हणायचे, हिच्या पाठवणीची सुई मी उचलणार.

मग नव्वदचं दशक सरता सरता हे डीजे आले. टेंपोवर खोक्यांची भिंत रचलेली, तिच्यापुढं उभं राहिलं की पोटातलं आतडं हलायचं. आमच्या फडताळातली भांडी चालत चालत कडेला यायची. आणि ह्या सगळ्याच्या मागं तो उभा. भर दुपारी काळा चष्मा, टोपी उलटी, एका कानाला झाकण, दुसरा कान उघडा, आणि एक हात हवेत. तो हात वर कशाला असतो, ते मला अजून कळलेलं नाही. मी हात वर केला की कुठंतरी हळद लागायची. ह्यानं केला की काही म्हणजे काही होत नाही. आधी वाजत होतं तेच वाजत राहतं.

क्रम गेला, तबकडी गेली. हळदीला तेच, अक्षतांना तेच, पाठवणीला तेच. आमचं काम कमी कमी होत गेलं. हे मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायला लागले. डावा कान तर आधीच अधू झालेला. उजव्या बाजूनं बोललं तर ऐकायचे.

त्या दिवसांत आमची लेक कॉलेजात होती. मी एकदा जेवताना वैतागून म्हटलं, ह्या मेल्यांच्या नावाचा अर्थ तरी बघ गं. तिनं वाचनालयातला जाडजूड कोश धुंडाळून वहीत उतरवून आणलं. डी म्हणजे डिस्क, म्हणजे आपली तबकडी. जे म्हणजे जॉकी. हा शब्द जन्मला अमेरिकेत, रेडिओवर. तिथं तबकड्या लावून मधेमधे बडबड करणाऱ्या माणसाला असं म्हणायला लागले. आणि जॉकी तर त्याहून जुना. इंग्रजांच्या मुलखात जॉक हे कुणाही सामान्य माणसाचं नाव, आपण कसं कुणालाही 'अरे गणप्या' म्हणतो, तसं. जॉकी म्हणजे त्यातला आणखी किरकोळ गणप्या. मग घोड्यांची दलाली करणाऱ्यांना ते नाव पडलं, आणि दलाल म्हटल्यावर फसवाफसवी आलीच, म्हणून जॉकी करणं म्हणजे टोपी घालणं असाही अर्थ झाला. शेवटी शर्यतीच्या घोडेस्वाराला ते चिकटलं. म्हणजे डीजे कोण? तर तबकडीवर बसलेला गणप्या. मला जो काही आनंद झाला म्हणता. मी भाकरी तव्यावर करपवली.

पण घोडेस्वाराचं मला पुरतं उमगेना. आमच्या पलीकडच्या बोळात एक चाचा राहायचे. सगळी हयात पागेत घोड्यांची निगा करण्यात गेलेली. आता म्हातारपणी दारात खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चालीत खोड काढायचे. त्यांना मी विचारलं, चाचा, जॉकी म्हंजे नेमका कोण?

ते म्हणाले, "घोडा ज्याचा न्हाय, तो जॉकी. घोडा मालकाचा, खोगीर मालकाचं, अंगातला सदरा पण मालकाच्या रंगाचा. त्याचं सोताचं काय? लगाम तेवढा." मग जरा थांबून म्हणाले, "पळायला काय, घोडा आपसूक पळतोय, बेटी. आवरायचा कुठं, ते ज्याला कळतंय तो खरा जॉकी. बाकीचं नुसतं वज्जं."

घरी येऊन मी ह्यांच्या उजव्या कानात सगळं सांगितलं. मला वाटलं, डीज्यांना चांगली चपराक बसली म्हणून खूष होतील. तर हे हसले आणि म्हणाले, "मग मीबी जॉकीच की. गाणं माझं कुठं हाय?" मला ते आवडलं नाही. पण खोटंही म्हणता येईना. पुढं आठ दिवस लेक त्यांना चहा देताना "घ्या जॉकी" म्हणायची.

लेकीचं ठरलं ते गडहिंग्लजच्या घरात. व्यापारी माणसं, घरात अर्धं कन्नड अर्धं मराठी, बोलायला मोठी गोड. बैठकीत सगळं सुरळीत झालं आणि शेवटी नवऱ्या मुलाचे मामा, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, ते म्हणाले की डीजे आमच्याकडनं. मी म्हटलं, आमच्या दारात आमचा स्पीकर असतो. तर म्हणाले, "तसं नव्हं, अक्का. डीजे न्हाय म्हटल्यावर लोक म्हणत्यात लगीन चोरून केलं."

मी काही बोलायच्या आत ह्यांनी सांगून टाकलं. सगळं तुमच्या मनासारखं वाजवा. पाठवणीची एक तबकडी तेवढी माझी. अण्णा म्हणाले, "एक गाणं नव्हं? वाजवा की." लहान पोराला गोळी द्यावी तसं.

त्या एका गाण्यासाठी ह्यांनी महिनाभर तयारी केली. पेटी काढली. नवी सुई कुठनं तरी पैदा केली. रोज संध्याकाळी तबकडी मलमलीच्या फडक्यानं कडेकडेनं पुसायची, एकदा लावून बघायची, आणि मला दारात उभं करून पाय उंबऱ्यावर ठेवायला लावायचा. मी पाय टेकवला की सुई वर. मी म्हणायचे, अहो, रोज किती वेळा पाठवणी करताय माझी? लग्न दारातच घ्यायचं, हॉल नको, असा हट्ट धरला तोही ह्याचसाठी, की हॉलला उंबरा नसतो.

लग्नाच्या दिवशी सकाळीच टेंपो बोळाच्या तोंडाशी लागला. डीजे पेठ वडगावचा, तिशीतला गडी, गळ्यात साखळी. मी त्याला चहा नेऊन दिला आणि सवयीनं विचारलं, डीजे म्हंजे काय रं? तो म्हणाला, "डीजे म्हंजे डीजे की, मावशी." मी म्हटलं, पी चहा.

मग जे सुरू झालं ते झालं. अक्षता कुणाला कधी टाकायच्या कळलं नाही, भटजींचे ओठ बघून टाकल्या. पंगतीत वाढपी खुणांनी वाढत होते. ज्याला भात नको होता त्याच्या पानात दोनदा भात. आणि हे सोप्यातल्या कोपऱ्यात आपल्या मशीनपाशी, तबकडी मांडीवर घेऊन बसलेले, पिवळा फेटा बांधून.

तीन वाजता निघायचं ठरलं होतं. तीन वाजले. डीजे थांबेना. हे उठून टेंपोपाशी गेले, बंद कर म्हणून हात खाली केला. त्या शहाण्याला वाटलं शाबासकी देतायत. त्यानं अंगठा दाखवला आणि आवाज वाढवला. मग मी गेले. त्याच्या कानाचं झाकण बाजूला ओढून सांगितलं, तर म्हणतो, "आर्डर अण्णांची हाय. त्यांनी सांगितल्याबिगर बंद न्हाय व्हत." अण्णा पान खात बसलेले. म्हणाले, पोरं नाचत्यात तर नाचू द्या, तवर तुम्ही नवरीला भाईर घ्या. तुमचं ते गाणं ऱ्हाऊ द्या आता, वरातीत कोण ऐकतंय?

हे माघारी फिरले. सोप्यात येऊन परत बसले. मी त्यांच्याकडं बघितलं आणि मला वाटलं, झालं. संपलं ते.

पण आमच्या गल्लीतल्या बायका उठेनात.

त्यांनी काही ठरवलं नव्हतं हो. कुणाच्या मनात भांडणबिंडण नव्हतं. वीस-पंचवीस वर्षांची सवय. तबकडी लागली नाही म्हणजे पाठवणीची वेळ झाली नाही, त्यात काय? मांडवात पाय पसरून बसल्या होत्या. कुणी सुपारी कातरत होतं, कुणी लेकराला निजवत होतं, त्या गोंगाटात. विहीणबाई आल्या आणि खुणा करून करून सांगायला लागल्या की उठा, नवरीला घ्या. बायकांनी सरकून त्यांना जागा करून दिली आणि हातात विडा ठेवला. विहीणबाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा एकजण त्यांच्या कानाशी ओरडली, "बसा वो पावणं, आजून तबकडी न्हाय लागली."

लेक आत देवापुढं शालू सावरून बसलेली. तिला घ्यायला नवऱ्याकडच्या दोघी गेल्या, तर ती म्हणाली, बायका आल्या की येते. बायका म्हणत होत्या, तबकडी लागली की येतो. आणि वऱ्हाडाच्या एसटीचा ड्रायव्हर अण्णांच्या डोक्यावर उभा, की पावणं, निघायचं असलं तर निघा, न्हायतर मी गाडी लावतो डेपोला. अर्धा तास असा गेला. अण्णांनी घड्याळ तीनदा बघितलं. शेवटी स्वतः उठले, पानाची पिंक टाकली, आणि नाचणाऱ्या पोरांतनं वाट काढत टेंपोकडं गेले.

आवाज बंद झाला तेव्हा आधी कुणाला कळलंच नाही. कानात नुसती शिट्टी.

ह्यांनी लाल दोरा सोडला. तबकडी ठेवली. सुई हातात घेतली. आणि तेवढ्यात आतनं हाक आली, "मुलीचं वडील कुठं हायत? वडिलांनी हात धरून भाईर आणायचं असतंय."

हे माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्याकडं. माझ्या हातात ओटीचं ताट. महिनाभर रोज संध्याकाळी तालीम केली, आणि आम्हा दोघांच्याही एकदाही डोक्यात आलं नाही की ह्या लग्नात आपण स्पीकरवाले नाही, आईबाप आहोत. बापानं लेकीचा हात धरायचा आणि आईनं ओटी भरायची. मग सुईशी कोण? गल्लीत तबकडीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आम्हीच कधी कुणाला लावू दिला नव्हता.

तो डीजे मोकळा झालेला, म्हणून बघायला आला होता. मशीनवर वाकून उभा. त्यानं अंगठा पुढं केला, सरळ तबकडीच्या मध्यावर. मी ताट तसंच धरून दुसऱ्या हातानं त्याच्या मनगटावर फटका मारला. विचारलं, तबकडी बघितली न्हाईस व्हय कधी? तो म्हणाला, "न्हाय बा. माझं सगळं कंप्युटरवर असतंय."

म्हणजे बघा. नाव तबकडीच्या घोडेस्वाराचं, आणि जन्मात घोडा बघितलेला नाही. एरवी मी त्याला काय काय ऐकवलं असतं. पण बाहेर बायका कान टवकारून बसल्या होत्या आणि दुसरा माणूस नव्हता. ह्यांनी सुई टेकवली, गाणं सुरू झालं. मी त्याला म्हटलं, "हितनं पोरीचा पाय दिसतोय? उंबऱ्यावर पडला की ही सुईची दांडी उचलायची. अलगद."

"गाणं संपायच्या आधी? मधीच?"

"मधीच."

त्यानं पहिल्यांदा तो काळा चष्मा काढला.

बाहेर आमचं गाणं त्या भिंतीएवढ्या खोक्यांनंतर अगदी चिलटासारखं वाजत होतं. निम्म्यांना ऐकूही आलं नसेल. पण बायका उठून क्रमानं रडायला लागल्या होत्या. ह्यांनी लेकीचा हात धरला, मी दुसऱ्या बाजूनं. उंबऱ्यापासनं दोन पावलांवर लेक थबकली. डोळे पुसले आणि वडलांच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं, "बाबा, सुई कुणाकडं हाय?"

हे म्हणाले, "त्या डीजेकडं."

ती घाबरून वळली. खरंच सांगते, आम्ही तिघंही रडायचं विसरून त्या कोपऱ्याकडं बघत होतो. त्याची नजर तिच्या पावलावर खिळलेली, चिमटी दांडीवर. तिनं सावकाश, त्याला नीट दिसेल असा पाय उचलला आणि उंबऱ्यावर ठेवला.

गाणं तुटलं. शब्दाच्या मध्यावर.

आणि सगळं गप्प. गल्लीतल्या पन्नास बायका माझ्या तोंडाकडं बघतायत. ह्या क्षणाला काय बोलायचं, ते मी दुसऱ्यांच्या लेकी जाताना बघून बघून वर्षानुवर्षं मनात घोकलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मी म्हटलं, "रातच्याला कानात तेल घालून झोप गं. दिवसभर लई वाजलंय."

सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. ह्यांनाही गेलं. लेक हसली आणि मग जी माझ्या गळ्यात पडली, ती एसटीचा हॉर्न तीनदा वाजला तेव्हा सुटली.

गाडी नाक्यावरनं वळली, धूळ बसली, तेव्हा मी मागं फिरले. तो डीजे कोपऱ्यात होता तसाच, दांडी चिमटीत, हात वर. तबकडी खाली गरागरा फिरत होती. उचलल्यावर दांडी बाजूच्या खाचेत ठेवायची असते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढंसुद्धा ह्या डीज्यांना सांगावं लागतं.